टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स बंद का झालं? ते पाडलं का?

पाडलेलं नाही. कार्लटन आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आइस हॉकीच्या त्या जुन्या स्टेडियमची पिवळसर विटांची इमारत अजून उभी आहे. आत मात्र किराणा मिळतो. मीही तिथून भाजी आणतो.

जन्म ऐन महामंदीतला, 1931 चा. मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचे कर्तेधर्ते कॉन स्माइथ यांना पैसे कमी पडले, तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये घेतला. जूनमध्ये काम सुरू झालं आणि 12 नोव्हेंबरला पहिला सामना! तो लीफ्स शिकागोकडून 2-1 हरले. 13 फेब्रुवारी 1999 चा तिथला शेवटचा सामनाही शिकागोकडूनच हरले, 6-2. मधल्या काळात 11 स्टॅनली कप (या हॉकीतलं सर्वोच्च विजेतेपद) आले खरे, पण त्यातला शेवटचा 1967 चा. टोरंटोकरांपुढे हा विषय जपून काढावा.

हॉकीखेरीजही बरंच झालं. बीटल्स 1964 ते 66 अशी सलग तीन वर्षं आले. 1966 मध्येच टोरंटोचा जॉर्ज चुवालो इथे मोहम्मद अलीसमोर पूर्ण 15 फेऱ्या टिकला. आणि 9 जून 1985 ला लतादीदी गायल्या, 'युनायटेड वे' या संस्थेच्या मदतीसाठी. श्रोते 12 हजारांच्या घरात. कॅनडाची गायिका अ‍ॅन मरे हिच्या विनंतीवरून दीदींनी तिचं 'यू नीडेड मी' हे इंग्रजी गाणंही म्हटलं. एक काळी बाजूही आहे: तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं 1997 मध्ये उघड झालं. जुन्या आठवणींचे उमाळे येणारे लोक हे सोयीस्करपणे गाळतात.

'इमारत जुनी झाली म्हणून बंद' हे अर्धंच खरं. खुर्च्या अरुंद होत्याच, पण कंपन्यांना चढ्या भाड्याने द्यायच्या आलिशान बॉक्सना (सामना बघायच्या खासगी खोल्यांना) तिथे पुरेशी जागा नव्हती, आणि खरा पैसा त्यांतच. रॅप्टर्स या बास्केटबॉल संघासाठी एअर कॅनडा सेंटर हे नवं स्टेडियम बांधलं जात होतं. लीफ्सच्या मालकांनी 1998 मध्ये संघासकट तेच विकत घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत मुक्काम हलवला.

मग जुन्या जागेत नव्याशी स्पर्धा करेल अशा कुणालाही ती विकायची नाही, असा त्यांचा पवित्रा. शेवटी 2004 मध्ये लोब्लॉज या किराणा दुकानांच्या कंपनीने घेतली आणि 2011 मध्ये दुकान उघडलं. पूर्वीच्या मैदानाचा मध्य जिथे होता, तिथे फरशीवर लाल ठिपका आहे. वरच्या मजल्यावर 2012 पासून टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं क्रीडासंकुल आहे. जुना घुमट बघायचा असेल तर दुकानात न रेंगाळता वरच्या रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) विद्यापीठाचा हॉकी सामना गाठा.