इसार दिलाय, पण भिंत पाडण्याआधी थांबा

प्रश्न: मी एमबीबीएस डॉक्टर आहे. नागपुरात मनीषनगरला एका अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दवाखान्यासाठी 25,000 रुपये महिन्याने ठरवला. 50,000 इसार रोख दिला. मालक म्हणतात, 500च्या स्टॅम्पपेपरवर 11 महिन्यांचं लिहून घेऊ, रजिस्ट्री नको. आतल्या कामाला 6 लाख लागतील. सलाइनसाठी दोन खाटा ठेवणार आहे. शेजाऱ्यांची हरकत आहे. दसऱ्याला उद्घाटन ठरलंय. काय करू?

उत्तर: डॉक्टर, सुताराला आजच थांबवा. तुमचे 6 लाख अडकतील ते या जागेत, म्हणून आधी जागेचंच बघू.

नागपुरातल्या बऱ्याच इमारती 1970च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तिथे प्रत्येक फ्लॅटचा वापर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रात, लिहिलेला असतो. त्यात तुमचा फ्लॅट 'निवासी' असेल, तर शेजाऱ्यांची हरकत नुसती कुरकुर राहत नाही, ते कोर्टातून मनाई आणू शकतात. म्हणून मालकाकडून तीन कागद मागा: डीड ऑफ डिक्लरेशन, मंजूर नकाशा आणि त्यांचं खरेदीखत. नकाशा महापालिकेने मंजूर केलाय की नागपूर सुधार प्रन्यासने (शहर विकासाची सरकारी संस्था), ते बघून त्याच कार्यालयात लेखी विचारा, या मजल्यावर दवाखाना चालेल का. निवासी भागात डॉक्टरांना मुभा असते, पण तिला अटी असतात. तोंडी 'चालतं हो' वर विसंबू नका. परवानगीशिवाय वापर बदलला तर नगररचना कायद्याखाली नोटीस येते.

आता करार. भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास शिक्षाही त्यांनाच आहे. हे त्यांना शांतपणे सांगा, बहुतेकदा विरोध तिथेच मावळतो. खर्चही फार नाही. तीन वर्षांचा करार धरू, कारण पुढे सांगतो. तीन वर्षांचं भाडं 9 लाख. परत मिळणारं डिपॉझिट 1 लाख धरलं तर त्यावर वर्षाला 10 टक्क्यांनी 30,000. एकूण 9,30,000 वर 0.25 टक्के, म्हणजे मुद्रांक सुमारे 2,325 रुपये. नोंदणी शुल्क 1,000.

मुदत मात्र 11 महिने नको. लायसन्स मालकाला मागे घेता येतं. कायमस्वरूपी बांधकाम केलेल्याला संरक्षण आहे, पण प्लायवूडची पार्टिशनं आणि एसी त्यात बसतीलच असं नाही. त्यामुळे किमान 36 महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडता येणार नाही अशी अट, मालकावर बंधनकारक करा. वापर 'वैद्यकीय दवाखाना' असा स्पष्ट लिहा. वापराला परवानगी नाकारली गेली तर डिपॉझिट परत, हेही त्यातच आलं पाहिजे.

त्या दोन खाटांचा पुन्हा विचार करा, हे कळकळीने सांगतो. फक्त तपासून औषध देत असाल, तर नर्सिंग होम नोंदणी लागत नाही. रुग्ण ठेवून उपचार आणि शुश्रूषा सुरू झाली की तुम्ही 1949च्या नर्सिंग होम कायद्याच्या उंबरठ्यावर आलात. महापालिकेच्या आरोग्य विभागाची नोंदणी नसताना ते चालवणं गुन्हा आहे. सुरुवातीला खाटा वगळा.

जैववैद्यकीय कचऱ्याची (वापरलेल्या सुया, कापूस, पट्ट्या वगैरे) परवानगी मात्र छोट्या दवाखान्यालाही लागते. आधी हा कचरा गोळा करणाऱ्या शहरातल्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज. खाटा नसलेल्यांना ही परवानगी एकदाच घ्यावी लागते. सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवू नका.

दुकाने-आस्थापना कायद्यात कर्मचारी मोजकेच असतील तर 60 दिवसांत ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला 2,500. पाटी मराठीत, देवनागरीत आणि बेताच्या आकाराची: नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, एवढंच. दवाखाना सुरू होतोय अशी वर्तमानपत्रात सूचना देता येते. 'हमखास गुण' असली पत्रकं वाटलीत तर वैद्यक परिषदेकडे तक्रार जाऊ शकते.

आणि तो इसार. रोख दिलाय, पावती नसणारच. आजच मालकांना व्हॉट्सअॅपवर लिहा: 'अमुक तारखेला अमुक फ्लॅटसाठी 50,000 दिले, डीड ऑफ डिक्लरेशन, मंजूर नकाशा आणि खरेदीखत पंधरा दिवसांत द्यावेत, वापराला मंजुरी नसल्यास रक्कम परत करावी.' त्यांनी 'हो' एवढं जरी लिहिलं, तरी पैसे पोचल्याचा पुरावा तुमच्या हाती येतो. उद्घाटन दसऱ्याऐवजी दिवाळीनंतर झालं तरी चालेल.