क्रूझ जहाजावर नोकरी करताना नॉर्वेचे फियॉर्ड खरोखर पाहायला मिळतात का?

आपण विचारले आहे की हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण संपवून क्रूझ जहाजावर नोकरी धरली आणि ते जहाज नॉर्वेच्या फियॉर्डांमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधून जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांमध्ये, जाणारे असले, तर तो प्रदेश पाहायला मिळतो, की सगळा वेळ कामातच जातो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून अशाच एका जहाजाच्या डायनिंग रूममध्ये मे ते सप्टेंबर असा सबंध उन्हाळा असिस्टंट वेटर म्हणून काम केले आहे, त्यामुळे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तो प्रदेश पाहायला मिळतो, पण सलग मिळत नाही. दहा मिनिटे इथे, दोन तास तिथे, असा तुकड्यांनी मिळतो.

गाइरांगरचेच उदाहरण घ्या. हा फियॉर्ड सुमारे 15 किलोमीटर लांबीचा असून 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आमचे जहाज त्यात सकाळी शिरत असे, म्हणजे ऐन न्याहारीच्या गर्दीत. प्रवासी वरच्या डेकवर ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा पाहत असताना मी टेबलांमधून कॉफी ओतत फिरत असे आणि खिडकीपाशी पोहोचलो की तेवढ्यापुरता समोरचा कडा दिसे. तरीही आमच्या विभागाला खिडक्या होत्या, हे भाग्यच म्हणायचे. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, किंवा लाँड्रीत काम करणाऱ्यांना बाहेर उजाडले आहे की नाही हेही कळत नाही, तर केबिन साफ करणाऱ्यांना बाल्कनीचे दार उघडावे लागत असल्याने थोडे अधिक दिसते. म्हणून नोकरीचे पत्र हातात आल्यावर पगाराइतकेच लक्ष विभागाकडे द्यावे, असे मी मनापासून सुचवीन.

दुपारचे जेवण आटोपले की अडीच ते पाच अशी सुट्टी मिळे आणि तीच उतरण्याची वेळ. मात्र त्यातही आयपीएम, म्हणजे ‘इन पोर्ट मॅनिंग’, हा प्रकार आहे. जहाज बंदरात असतानाही आणीबाणीची कामे सांभाळण्यासाठी ठरावीक कर्मचारी जहाजावर हजर असावे लागतात आणि ती पाळी आळीपाळीने येते. ज्या दिवशी आपली आयपीएम असेल त्या दिवशी किनारा समोर दिसत असूनही उतरता येत नाही. अदलाबदल करता येते, पण ती आधी वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावी लागते.

उतरायला मिळाले की मी गाइरांगरच्या गावातून वाहणाऱ्या धबधब्याच्या कडेने चढत असे. तिथे 327 पायऱ्यांची वाट बांधलेली आहे, आणि वर पोहोचल्यावर आपलेच जहाज खाली खेळण्याएवढे दिसते. गावात वर्षभर राहणारी माणसे जेमतेम अडीचशे, आणि आमच्या एकट्या जहाजातून उतरणारे लोक त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे लोकांच्या अंगणांत आणि कुरणांत न शिरता वाटेनेच चालावे, ही गोष्ट मला तिथे फार महत्त्वाची वाटली. फ्लोम या दुसऱ्या बंदरात जहाज थेट धक्क्याला लागते, किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान टेंडर बोटीसाठी ताटकळावे लागत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांना ते बंदर अधिक सोयीचे. तिथून मिर्दालपर्यंत जाणारी रेल्वे अवघ्या 20 किलोमीटरांत सुमारे 865 मीटर चढते. ती मात्र सुट्टीच्या वेळेत बसवणे कठीण आहे, आणि मला एकदाही जमले नाही.

घरी फोन केला की आई विचारायची, ‘म्हणजे आपल्या खाडीसारखेच ना?’ दिसायला साम्य आहे, कारण दोन्ही ठिकाणी समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरलेले असते. पण आपल्या कोकणातल्या खाड्या नद्यांच्या मुखाशी, उथळ आणि गाळाने भरत आलेल्या असतात, तर फियॉर्ड हिमनद्यांनी खडक कोरून केलेले आहेत. म्हणूनच सोग्नेफियॉर्डसारख्या ठिकाणी पाण्याची खोली 1,300 मीटरांच्या वर जाते आणि कडा थेट पाण्यातून उभा राहतो. त्याच उभ्या कड्यांवर, गाइरांगरमध्ये, स्कागेफ्लो नावाचे शेतघर पाण्यापासून सुमारे 250 मीटर उंचीवर आहे. तिथले लोक 1916 मध्ये ते सोडून गेले; समोरच्या काठावरचे क्निव्हस्फ्लो तर दरड कोसळण्याच्या भीतीने 1898 मध्येच ओस पडले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भात पिकवणाऱ्या घरातला मी असल्याने, त्या एवढ्याशा हिरव्या तुकड्याकडे पाहताना तिथे गवत कापणाऱ्या आणि खाली होडीपर्यंत ओझी वाहणाऱ्या माणसांचाच विचार माझ्या मनात येई.

प्रवाशांना न मिळणाऱ्या दोन गोष्टी आपल्याला मिळतात, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी हे काम करावे. पहिली म्हणजे रात्रीचा उजेड. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पूर्ण अंधार होत नाही; त्यामुळे साडेदहाला काम संपवून मी कर्मचाऱ्यांच्या डेकवर जाई तेव्हा प्रवासी बहुतेक झोपलेले असत आणि जहाज अजून डोंगरांमधून समुद्राकडे निघालेले असे. दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा येणे. प्रवासी गाइरांगर एकदा पाहतो. मी तो त्या उन्हाळ्यात नऊ वेळा पाहिला. मे महिन्यात वरच्या माथ्यांवर दाट बर्फ होते, जूनमध्ये ते वितळून सातही बहिणी भरून वाहत होत्या, आणि ऑगस्टअखेरीस त्यांतल्या काही इतक्या बारीक झाल्या की मोजताना चारच सापडल्या.

कामाबद्दलही स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आठवड्याची सुट्टी नसते. सहा-सात महिने रोज दहा-अकरा तास काम असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे, तेव्हा आपल्या तासांची नोंद स्वतः तपासत जावी. नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे, कारण नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेला उमेदवाराकडून असे शुल्क घेता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने विनापरवाना एजंटाला पैसे दिले आणि त्याला जहाज कधी मिळालेच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. अरुंद फियॉर्डांत जहाजांचा धूर कड्यांमध्ये कोंडून राहतो, म्हणून नॉर्वेने वारसा यादीतल्या फियॉर्डांसाठी शून्य उत्सर्जनाचा नियम केला आहे. तो लहान जहाजांना 2026 पासून आणि मोठ्या जहाजांना 2032 पासून लागू होतो. त्यामुळे प्रत्येक जहाज तिथे जाईलच असे नाही. गाइरांगर पाहण्यासाठीच आपण ही नोकरी धरणार असाल, तर मुलाखतीत त्या उन्हाळ्याच्या बंदरांची यादी अवश्य विचारावी, आणि रुजू होण्याची तारीख शक्यतो मेच्या आधीची मागावी.