संघ शहरात टिकावा म्हणून स्टेडियमवर सरकारी पैसा खर्च करावा का?

तुम्ही विचारलंय, संघ गेला तर शहराची ओळखच जाईल, मग मालकाला करदात्यांच्या पैशातून स्टेडियम बांधून द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते हरकत आहे, आणि मोठी आहे.

कॅलिफोर्नियातलं ओकलंड घ्या. तिथल्या कोलिझियममध्ये बेसबॉल बघताना मैदानापलीकडे शहराच्या टेकड्या दिसायच्या. १९९५ मध्ये रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ लॉस एंजलिसहून परत यावा म्हणून शहर आणि काउंटीने सुमारे २० कोटी डॉलरचं कर्ज काढलं आणि नेमक्या त्याच बाजूला खुर्च्यांची अवाढव्य भिंत उभी केली. टेकड्या दिसेनाशा झाल्या. लोक त्या भिंतीला संघमालक अल डेव्हिस यांच्या नावाने ‘माउंट डेव्हिस’ म्हणू लागले. पुढे बेसबॉलच्या वेळी वरच्या खुर्च्या भरेनात, तेव्हा त्यांवर चक्क ताडपत्री घातली. २०२० मध्ये रेडर्स लास वेगासला गेले. कर्ज मात्र ओकलंडच्या गळ्यात राहिलं.

वेगासने रेडर्सच्या स्टेडियमसाठी हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर दिले. ‘तो कर पर्यटक भरतात’ हा युक्तिवाद मला पटत नाही. कर कुणीही भरो, तोच पैसा शहराच्या दुसऱ्या गरजांना लावता आला असता. स्टेडियममुळे रोजगार वाढतो, या दाव्याचंही तेच. करमणुकीवर माणूस ठरावीकच खर्च करतो; तिकिटाला गेलेले पैसे बरेचदा दुसऱ्या कुणाच्या गल्ल्यातून कमी झालेले असतात.

आणि ओळख? वेगासला पहिल्यांदा आपलासा वाटलेला मोठा संघ गोल्डन नाइट्स, आइस हॉकीचा. त्याचं मैदान खासगी पैशातून बांधलेलं. १ ऑक्टोबर २०१७ ला वेगासमध्ये एका संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारानंतर अवघ्या नऊ दिवसांनी तिथे त्यांचा पहिला घरचा सामना झाला. जखमींसाठी धावलेले पोलीस, डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान खेळाडूंसोबत बर्फावर आले आणि ५८ मृतांसाठी ५८ सेकंद सगळं मैदान निःशब्द उभं राहिलं. शहर आणि संघ यांचं नातं तिथे जुळलं. ते कुठल्या अनुदानातून आलेलं नव्हतं.

उलट ओकलंडमध्ये २६ सप्टेंबर २०२४ ला शहर सोडून निघालेल्या ए’ज या बेसबॉल संघाचा शेवटचा घरचा सामना झाला, तेव्हा ४६,८८९ लोक आले. संघ जिंकला, तरी लोक रडत होते. कित्येकांनी मैदानातली माती आठवण म्हणून घरी नेली.

तुमच्या शहरात असा प्रस्ताव आला असेल, तर संकल्पचित्रं नंतर बघा, आधी करार मागा. कर्ज कधी फिटणार आणि संघाला कधी निघून जाता येणार, या दोन तारखा शेजारी ठेवा. वाढीव खर्च कुणाच्या माथी, पार्किंगचं आणि स्टेडियमच्या नावाचं उत्पन्न कुणाच्या खिशात, तेही वाचा. संघाला कर्ज फिटण्याआधी जाता येत असेल, तर मी विरोधात मत देईन, संघ कितीही लाडका असला तरी.