उजाड माळाला अभयारण्य कशाला?

प्रश्न : नमस्कार. आमच्या करमाळा भागात वनखात्याचा मोठा माळ आहे, नुसतं गवत आणि मुरूम, एक धड झाड नाही. जंगल असेल तर राखीव ठेवणं समजू शकतो पण असल्या पडीक जमिनीला संरक्षण कशासाठी? आम्ही पोरांनी तिथे झाडं लावायची म्हटली तर एका पक्षीवाल्या मित्रानेच नको म्हणून सांगितलं. हे काय लॉजिक आहे?

उत्तर : तुमचा मित्र बरोबर बोलतोय. माळ पडीक नसतो हो. सोलापूर-नगरकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, जिथे मुरमावर वीतभर माती असते, तिथे मुळातच गवत येतं आणि हजारो वर्षं काळवीट, लांडगा, खोकड, तितर, चंडोल त्याच्यावरच जगतायत, हिवाळ्यात तर मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि गवतातले नाकतोडे खातात. काळविटाला लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते, धोका दिसला की पळायचं हाच त्याचा बचाव. तिथे ग्लिरिसिडियासारख्या बाहेरून आणलेल्या झाडाच्या रांगा लावल्या तर झाडं वाढतात पण माळ मरतो, आणि असं आपल्याकडे वृक्षारोपणाच्या नावाखाली खूप ठिकाणी झालंय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माळढोक पक्ष्याचंच बघा. मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरतो, आणि मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते तेही उघड्या जमिनीवर. एका कुत्र्याने किंवा गुराच्या खुराने ते गेलं की त्या मादीचं वर्ष गेलं. शिवाय त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतो. आता देशात दीडशेसुद्धा उरले नसतील, बहुतेक सगळे जैसलमेरकडे.

तुम्ही म्हणाल सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य तर १९७९ पासून आहे मग तिथे का नाही वाचला? प्रश्न योग्य आहे. ते कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, लोकांची शेतं सगळंच आलं, लोकांना जमिनीच्या खरेदी-विक्रीलाही त्रास झाला आणि अभयारण्याबद्दल राग बसला तो वेगळाच. नंतर ते कमी करून बाराशेच्या आसपास आणलं. पण दरम्यान पाणी आलं, ऊस आला, तारा आल्या, आणि खरा राखलेला माळ म्हणजे वनखात्याचे सुटे सुटे तुकडे. एवढ्या मोठ्या पक्ष्याला ते पुरले नाहीत. उलट नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य बघा, जेमतेम दोन चौरस किलोमीटर, पण हद्द स्पष्ट आणि राखण नीट, तिथे काळवीट टिकलं. म्हणजे क्षेत्र नुसतं जाहीर करून भागत नाही, ते मोकळं आणि सलग राहायला हवं, आणि शेजारच्या गावाला पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळायला हवी, नाहीतर गाव त्याची राखण का करेल?

गुरं चारण्यावर सरसकट बंदी असावी असं मी म्हणणार नाही, धनगरांची मेंढरं पिढ्यान् पिढ्या या माळांवर फिरलीत. फक्त पावसाळ्यात, पक्षी जमिनीवर अंडी घालतात तेव्हा काही तुकडे पूर्ण बंद ठेवावेत आणि मारवेल-पवन्या या गवतांचं बी गळून पडल्यावरच गवत कापावं.

तुमच्या पोरांचा उत्साह मोडू नका. लिंब, बाभूळ, बोर लावा, पण बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात. आणि माळावर काम करायचंच असेल तर उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला वनरक्षकाला मदत करा, माणसं त्यांच्याकडे कायम कमीच असतात.