शिंगे असलेला धाकटा भाऊ

"मॅडम, मुलगी वहीभर राक्षस काढते. बाहेरचे काही तर नाही ना?" आठवीतल्या एका मुलीच्या आईने विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वही त्यांच्या पिशवीतच होती आणि ती जाळून टाकावी, असा आजीचा आग्रह होता. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका पाहणाऱ्या मुलांच्या पालकांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते. झोप, जेवण, शाळा, मैत्रिणी हे सारे ठीक असेल आणि गोष्ट कोणती व खरे काय हे मुलाला कळत असेल, तर अशा चित्रांना घाबरण्याचे कारण नसते. या मुलीची झोप मात्र उडाली होती, म्हणून तिची परवानगी घेऊन मी वही उघडली.

जादूची शक्ती लाभलेली मुलगी जपानी दूरचित्रवाणीवर १९६६ पासून आहे. या मुलीच्या वहीतल्या नायिकेची छडी कंपासपेटीतल्या कर्कटकाची होती, भाऊ अर्धा राक्षस होता आणि ती त्याची शिंगे माकडटोपीखाली झाकून त्याला गावकऱ्यांपासून वाचवत होती. शिंगे इतक्यांदा खोडली होती, की तेवढ्या जागी कागद विरला होता.

घरी सात वर्षांच्या भावाने ताट भिरकावले, की आजी म्हणत, "बापाचेच रक्त!" वडील रात्री पिऊन येत आणि ते झोपेपर्यंत ही मुलगी भावाला कुशीत घेऊन दाराच्या कडीकडे पाहत जागी राहत असे. मुलांवर हात उचलला जातो का, हे मी आधी विचारून घेतले. तसे घडले नव्हते, तरीही १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा (चाइल्डलाइनचा) क्रमांक तिच्याकडून पाठ करून घेतला.

"हे रक्तातून येते का?" तिने दुसऱ्या भेटीत विचारले. नाही म्हणणे सोपे होते, पण ते खोटे ठरले असते. व्यसनाकडे असणारा कल काही प्रमाणात आनुवंशिक असतो. जुळ्यांच्या अभ्यासांत हा वाटा साधारण निम्मा आढळतो. तरीही व्यसनी पालकांची बहुतेक मुले व्यसनी होत नाहीत, आणि सात वर्षांचे मूल ताट फेकते ते बहुधा भीतीने, हे मी तिला आणि तिच्या आईला एकत्र बसवून सांगितले. रात्री जागण्याचे काम मुलीचे नाही, हेही सांगितले. आई आता दाराशेजारी अंथरूण घालतात.

आजींना समजावणे मला जमले नसते. दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणत त्या ओवाळत असताना नातीने विचारले, "आजी, प्रल्हादाचा नातू म्हणजे बळीसुद्धा राक्षसांच्याच कुळातला ना?" आजी काही बोलल्या नाहीत, पण रक्ताचा उल्लेख त्यानंतर कमी झाला, असे आई सांगतात.

वडिलांनी अजून उपचार घेतलेले नाहीत. मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आईंनी जपून ठेवला आहे. एप्रिलमधल्या भेटीत मुलीने नवे चित्र दाखवले. भावाची शिंगे ठळक पेनाने काढली होती आणि डोके उघडे होते. टोपी कुठे गेली, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "उन्हाळा आहे ना, त्याला उकडते."