‘कन्व्हेन्शनल विज्डम’ला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

गंगापूर धरणाजवळच्या वायनरीचं माहितीपत्रक तुम्ही जर्मन पाहुण्यांसाठी करताय आणि एका वाक्यावर अडलात: ‘कन्व्हेन्शनल विज्डम’ (म्हणजे रूढ समज) सांगतं की वाइनच्या द्राक्षांना थंड प्रदेशच हवा, पण नाशिकने वेगळं करून दाखवलं. तुम्ही ‘कॉनव्हेन्त्सिओनेले वाइसहाइट’ असं लिहिलंय आणि ते चालेल का, असं विचारताय.

माहितीपत्रकात तरी ते नको. अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ मध्ये हा इंग्रजी शब्दप्रयोग गाजवला, त्यामुळे अर्थशास्त्रावरच्या जर्मन लेखांत त्याचं असं शब्दशः रूप अधूनमधून दिसतं. पण ‘वाइसहाइट’ म्हणजे शहाणपण. इंग्रजीत ‘विज्डम’चा अर्थ या जोडशब्दात बोथट झालाय, जर्मन वाचकाला मात्र शहाणपण ऐकू येतं. पुढच्याच ओळीत तुम्ही ते खोडणार, मग वाचक अडखळतो.

तुमच्या वाक्याला ‘डी लांटलॉयफिगे मायनुंग’ चपखल बसेल. ‘लांट’ म्हणजे देश, मुलूख. मुलुखभर फिरत राहिलेलं मत. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो वापरला की पुढे ‘पण’ येणार हे वाचकाला आधीच कळतं. ‘गेंगिगे मायनुंग’ही चालेल. ते आपल्या ‘प्रचलित’च्या अगदी जवळचं आहे, दोन्हींच्या मुळाशी चालणंच आहे. खोडायचं नसेल, नुसतं ‘असा सर्वसाधारण समज आहे’ म्हणायचं असेल, तर ‘वाइट फेअरब्राइटेटे आनामे’ लिहा. ‘हेअरशेंडे मायनुंग’ टाळा, त्याला कायद्याच्या पुस्तकांचा वास आहे. तिथे ते बहुसंख्य कायदेपंडितांचं मत म्हणून येतं, चक्क ‘हा. एम.’ अशा आद्याक्षरांत. आणि शब्दकोशात ‘बिन्झनवाइसहाइट’ सापडलं तर हुरळून जाऊ नका. ते सगळ्यांना ठाऊक असलेलं उघड सत्य. तुमचं विधान तर चुकीचं ठरवायचंय!

आता वाक्य. मी असं लिहीन:

‘एंटगेगन डेअर लांटलॉयफिगेन मायनुंग ब्राउखेन केल्टरट्राउबेन काइन क्यूलेस क्लीमा.’ म्हणजे, रूढ समजाच्या उलट, वाइनच्या द्राक्षांना थंड हवामान लागत नाही.

‘एंटगेगन’नंतर चतुर्थी, म्हणजे डाटिफ, म्हणून ‘डी’चं ‘डेअर’ झालं आणि विशेषणाला ‘एन’ लागला. हा सगळा तुकडा मिळून पहिलं स्थान घेतो, त्यामुळे क्रियापद ‘ब्राउखेन’ लगेच पुढे आणि कर्ता त्याच्यानंतर. मराठीची सवय क्रियापद शेवटी ढकलायला लावते. जर्मनमध्ये तसं गौणवाक्यात करायचं, जसं ‘दास’ने (म्हणजे ‘की’ने) सुरू होणाऱ्या: ‘लांटलॉयफिश गिल्ट, दास केल्टरट्राउबेन आइन क्यूलेस क्लीमा ब्राउखेन.’

‘केल्टरट्राउबेन’ मुद्दाम घेतलं. ‘वाइनट्राउबेन’ या शब्दात वाइन असली तरी जर्मन माणूस बाजारातल्या खायच्या द्राक्षांनाही तेच म्हणतो. पत्रकात दोन्ही पिकांचा उल्लेख येणार असेल, आणि नाशिकचं पत्रक म्हटल्यावर येणारच, तर खायच्या द्राक्षांना ‘टाफेलट्राउबेन’ आणि वाइनच्या द्राक्षांना ‘केल्टरट्राउबेन’ असं शेवटपर्यंत ठेवा.

आणखी एक आग्रह. एवढ्या वाक्यावर थांबलात तर जर्मन पाहुणा ‘मग कसं जमतं?’ असं विचारेल, आणि त्याचं विचारणं बरोबरच आहे. म्हणून लगेच कारण द्या: समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातल्या गार रात्री, एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरता सरता होणारी फळछाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. त्यांच्याकडे द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तो फरक त्यांना फार भावतो, ठळक अक्षरांत छापा.

शब्दांच्या जोड्या तपासायला ‘डीडब्ल्यूडीएस’ हा बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा मोफत ऑनलाइन शब्दकोश वापरा. ‘लांटलॉयफिश’ शोधलंत की त्याच्यासोबत कोणती नामं येतात तेही तिथे दिसतं.