वाचकांच्या शंका : कारभार कोणाचा, सत्ता कोणाची?

प्रश्न : आपल्या सदरात कुटुंबातील पुरुषसत्तेविषयी वारंवार लिहिले जाते. आमच्या घरी किराणा, दूधवाल्याचा हिशेब, नातवंडांच्या शाळेची फी, पाहुण्यांचा आहेर हे सगळे आमच्या मंडळी पाहतात. माझे निवृत्तिवेतनही मी त्यांच्याच हाती देतो. मी फक्त शेत आणि मोंढा (शेतमालाचा बाजार) पाहतो. मग आमच्या घरात सत्ता कोणाची म्हणावी?
— एक निवृत्त शिक्षक, सेलू तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील ‘फक्त’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले, कारण कुटुंबातील सत्तेविषयीचा एक जुना वाद नेमका तिथेच अडलेला आहे. रॉबर्ट ब्लड आणि डोनाल्ड वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी डेट्रॉइट परिसरातील शेकडो विवाहित स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९६० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवऱ्याने कोणती नोकरी धरावी, बायकोने नोकरी करावी की नाही, मोटार कोणती घ्यावी, विमा उतरवावा का, घर कोणते घ्यावे, सुटीत कुठे जावे, आजारपणात डॉक्टर कोणता आणि आठवड्याच्या किराण्यावर किती खर्च करावा, अशा आठ बाबतींत घरात अखेरचा शब्द कोणाचा चालतो, असे त्यांनी विचारले. ज्याच्याकडे उत्पन्न, शिक्षण आणि प्रतिष्ठा अधिक, त्याचे घरात अधिक चालते. निव्वळ पुरुष आहे म्हणून सत्ता, हे दिवस आता गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. आठही निर्णयांना सारखेच गुण दिले होते, ही त्यातली सर्वांत साधी आणि मला सर्वांत पटणारी हरकत. किराण्याचा निर्णय दर आठवड्याला घ्यावा लागतो आणि चुकला तर पुढच्या आठवड्यात दुरुस्त होतो. नोकरीचा निर्णय एकदाच होतो आणि गाव, घर, मुलांची शाळा असे सारे त्याच्यामागे ओढले जाते. कॉन्स्टंटिना सफिलिओस-रॉथशिल्ड यांनी सत्तरच्या दशकात ही गोष्ट नेमकी करून सांगितली. क्वचित घ्यावे लागणारे, पण घराची घडी ठरवणारे निर्णय ज्याच्या हाती असतात, तो रोजचे, वेळखाऊ आणि किरकोळ निर्णय दुसऱ्याकडे सोपवू शकतो, आणि सोपवलेले काम परत काढून घेण्याची मुभाही त्याच्याकडेच राहते.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहेतच. कारभार करणारा वेगळा आणि मालक वेगळा. (मराठवाड्यात बायका नवऱ्याला ‘कारभारी’ अशी हाक मारतात आणि प्रत्यक्ष कारभार स्वतःच करतात, हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नसावा.) निवृत्तिवेतन मंडळींच्या हाती देण्याचा निर्णय आपला होता, हे आपल्याच वाक्यातून दिसते. यंदा सोयाबीन घ्यायचे की कापूस, माल लगेच विकायचा की भाव येईपर्यंत घरात ठेवायचा, पीककर्ज नवे-जुने करायचे का, मोंढ्यातली पट्टी कोणाच्या नावाने फाटते, या प्रश्नांची उत्तरे आपण पत्रात दिलेली नाहीत, कारण ते प्रश्न आहेत असेच आपल्याला वाटले नसावे. निवृत्तिवेतनातील मोठी रक्कम मंडळींना स्वतःच्या भावाच्या आजारपणासाठी द्यावीशी वाटली तर त्या आपल्याला विचारतील काय? आणि तेवढीच रक्कम आपण मित्राला हातउसनी देणार असाल तर आपण त्यांना विचाराल, की फक्त सांगाल? विचारणे आणि सांगणे यांतील हे अंतर मोजता आले, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर घरातच सापडेल.

घरातली कागदपत्रेही एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते. त्याच घराचा सातबारा काढला तर बहुधा निराळेच नाव दिसते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील एकूण वहितीधारकांमध्ये (शेती कसणारे म्हणून नोंद असलेल्यांमध्ये) स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते, आणि खुरपणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत शेतात कोण राबते हे सेलूच्या माणसाला मी सांगायला नको. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, ती याच विसंगतीवर बोट ठेवून : कारभारणीच्या नावावर जमीन करा. आपल्या मंडळींचे नाव आपल्या सातबाऱ्यावर आहे का, हे मी विचारत नाही. तलाठ्याकडे जाण्याआधी ते आपल्याला ठाऊकच असेल.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कमावत्या स्त्रीला घरात निर्णयाचा अधिकार मिळतो, असे आम्हाला शिकवले जाते. माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आई वडिलांच्या बरोबरीने राबते, पण मुकादमाकडून उचल किती घ्यायची हे तिला कधीच विचारले जात नाही. पुस्तक चुकीचे की आमचे घर?
— एक विद्यार्थिनी, केज तालुका

उत्तर : पुस्तक अपुरे आहे. आपण ज्या व्यवहाराचे उदाहरण दिले आहे, त्यात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडण्याआधी पुरुष मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर दोघांच्या घामातून ती फिटते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे यांत आईचा वाटा किती आणि वडिलांचा किती, हे कोणत्याही हिशेबात वेगळे लिहिले जात नाही; टनाचा हिशेब कोयत्याचा असतो. पहाटे उठून कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) भाकरी थापणे, पाणी आणणे, लेकरांना सांभाळणे तर हिशेबाच्या बाहेरच राहते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनमोली कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. फडावरच्या बाईसाठी ही मिनिटे तोडणीच्या तासांवर चढतात.

अमर्त्य सेन यांनी १९९० साली मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. घरात कोणाचे किती चालते हे प्रत्यक्ष श्रमावर ठरत नाही. घरासाठी कोण किती करतो असे *मानले* जाते त्यावर ठरते, आणि उद्या संसार मोडला तर कोणाला कशाचा आधार उरतो, यावरही ठरते. आपल्या आईची कमाई तिच्या हातात कधी आलीच नाही, म्हणून ती तिची कमाई म्हणून कोणी मोजली नाही. कदाचित तिने स्वतःही नाही. संसार मोडल्यावरच्या या आधाराविषयी बीना अग्रवाल यांनी १९९४ साली सविस्तर दाखवून दिले की ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत तो आधार मुख्यतः जमिनीचा असतो. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सर्वच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा मिळाला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. त्यांना अडाणी समजणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या एक हिशेब करत असतात : दोन एकर कोरडवाहूच्या बदल्यात माहेरचे दार बंद होणार असेल, तर अडीअडचणीला जायचे कुठे?

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. अभ्यासाचा प्रकल्प करायचा असेल तर आपल्या वस्तीतील वीस घरांत जाऊन एवढेच विचारावे, की खात्याला जोडलेला मोबाइल कोणाच्या खिशात असतो आणि पैसे काढायला बँकेत कोण जाते. रक्कम कशावर खर्च झाली हे नंतर विचारावे, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘घरासाठी’ असेच येईल.

प्रश्न : माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. लग्नाआधी जीव लावणारी आत्या आता माहेरी चार दिवस जायलाही अडवते. पुरुषांना दोष का द्यायचा? बाईच बाईची वैरीण असते.
— एक वाचक, औसा तालुका

उत्तर : आते-मामे नात्यातल्या लग्नाने सुनेला परकेपणा कमी जाणवतो असे मानले जाते, आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण आत्या हे नाते आहे आणि सासू हे पद आहे. तुर्की अभ्यासक डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ साली याला पुरुषसत्तेशी केलेली घासाघीस म्हटले. तरुणपणी सून सगळे सोसते, कारण मुलगा मोठा झाला की सुनेवरचा अधिकार आपल्याला मिळेल, असा तो अलिखित करार असतो. आपल्या आत्याने तीस वर्षे त्याचे हप्ते भरले. आता वसुलीच्या वेळी नवे शिक्षण, नवा काळ म्हणून करारच रद्द झाला तर तिचे काय उरते? म्हणून ती तो घट्ट धरून बसली आहे. यात तिचे वागणे योग्य ठरत नाही, एवढे मी मान्य करते.

आपल्या चार पानी पत्रात सासऱ्यांचा उल्लेख मात्र एकदाही आलेला नाही. माहेरी किती दिवस जायचे हे आत्या सांगते, असे आपण लिहिता. ते तिने कोणाला विचारून सांगितले, हे पुढच्या पत्रात अवश्य कळवावे.